तुम्ही विचारलंत म्हणून: त्या आंबट बिअरच्या वीकेंडला यायचं कसं

जानेवारी उजाडला की मला तोच मेसेज येतो, कधी पुण्याहून, कधी ठाण्याहून, एकदा तर दुबईहून. "अगं ते तुमच्याकडे लँबिक ब्रुअऱ्यांचं ओपन वीकेंड असतं ना, आम्हाला यायचंय, प्लॅन कसा करायचा?" आणि खाली पाच ब्रुअऱ्यांची यादी, वेळेसकट, सकाळी दहाला ही, साडेअकराला ती, जेवण नाहीच, पाचला शेवटची. मी ब्रसेल्सला नऊ वर्षं राहते, ह्या वीकेंडला दोनदा जाऊन आलेय, त्यामुळे आता एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

पहिलं म्हणजे यादीतल्या तीन नावांवर काट मारा. खरंच. दिवसाला दोन ब्रुअऱ्या, मध्ये व्यवस्थित जेवण, बास. का ते सांगते पण आधी हे काय प्रकरण आहे ते थोडं सांगायला हवं, कारण निम्म्या लोकांना वाटतं की हा आपल्या बिअर फेस्टसारखा मैदानातला प्रकार आहे, तंबू, बँड वगैरे. तसं नाहीये. 'तूर दे ग्यूझ' असं ह्या वीकेंडचं नाव आहे, ग्यूझ हा लँबिकचाच एक प्रकार, आणि लँबिक म्हणजे इथली आंबट बिअर, होराल नावाची लँबिकवाल्यांची संघटना आहे ती भरवते, दोघांची सुरुवात 1997 सालची, आणि दोन वर्षांतून एकदा एप्रिलचा शेवट किंवा मेची सुरुवात असा शनिवार-रविवार असतो, म्हणजे साधारण आपल्या महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे. कोरोनाआधी विषम सालात व्हायचं, मग गडबड झाली आणि 2022, 2024 असं सम सालात गेलं. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी साल बघा! एकजण चुकीच्या वर्षी मे महिन्यात येऊन माझ्या सोफ्यावर चार दिवस हताश बसला होता.

तर मैदान नाही, गावं आहेत. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला पायोटनलँड म्हणून भाग आहे, झेन नदीचं खोरं, हलके चढउतार, शेतं, गाई, दर दोन-तीन किलोमीटरवर एक चर्च. त्या गावागावांत ब्रुअऱ्या विखुरलेल्या, त्या दोन दिवस आपापली दारं उघडतात आणि तुम्ही एकीकडून दुसरीकडे जायचं. जायचं कसं हाच सगळा प्रश्न आहे, आणि पाच ब्रुअऱ्यांची यादी तिथेच झोपते.

आम्ही 2022 ला हीच चूक केली. शनिवारी चार गाठायच्या असं ठरवलं, लोकल बसने, मोबाईलवर सगळं जुळत होतं. दुसऱ्या ब्रुअरीत रांग लागली, आठ मिनिटांनी बस चुकली, आणि पुढची बस यायला सव्वा तास, स्टॉपवर छप्पर नाही, पाऊस, मी आणि नवरा आणि एक गाय. गाय कुंपणाच्या पलीकडे होती पण तिला आमची फार उत्सुकता होती. शेवटी चालत निघालो, तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा ते ग्लास धुवून ठेवत होते.

म्हणून आधी वाहतूक ठरवा, ब्रुअऱ्या नंतर. तीन मार्ग आहेत. होराल स्वतः ठरलेल्या मार्गाच्या बसेस सोडते, आधी बुकिंग करावं लागतं आणि जागा लवकर संपतात, पहिल्यांदा येणाऱ्याला हेच सोपं, फक्त मग किती वेळ कुठे थांबायचं ते तुमच्या हातात राहत नाही. दुसरं, ट्रेन. लेंबेक, हाले, बेर्सल ह्या सगळ्या गावांना स्टेशन आहे आणि ब्रसेल्सहून हाले म्हणजे दादरहून अंधेरीला गेल्यासारखं. तिसरं म्हणजे गाडी, पण न पिणारा माणूस पाहिजे. इकडे त्याला 'बॉब' म्हणतात, 1995 पासूनची सरकारी मोहीम आहे, आज बॉब कोण असं पार्टीत सर्रास विचारतात. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि ती सायकललाही लागू आहे, हे सायकलचा रोमँटिक प्लॅन करणाऱ्यांनी लक्षात घ्या. 2024 ला आमचा बॉब नवरा होता, त्याला तसंही बिअर आवडत नाही, त्याने दोन दिवस प्रत्येक ठिकाणचं चीज खाल्लं आणि तो आमच्यापेक्षा खूश होता.

आता दिवसाला दोनच का. कारण एका ब्रुअरीत नुसतं बघायला तास जातो, आणि बघण्यासारखं कळलं तरच मजा आहे. लँबिक म्हणजे काय ते मी सगळ्यांना एकाच वाक्यात सांगते, विरजण न लावता लावलेलं दही. बाकी बिअरमध्ये ब्रुअर यीस्ट स्वतः घालतो, म्हणजे विरजण लावतो, ह्यांच्याकडे नाही. माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली आणि तीस-चाळीस टक्के कच्चे गहू, त्याचा काढा तासन् तास उकळायचा, त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालायचे ते पण मुद्दाम जुने, दोन-तीन वर्षं पडलेले, कडवटपणा गेलेला, फक्त टिकवायचं काम करतील असे. मग तो उकळता काढा माळ्यावरच्या कूलशिपमध्ये सोडायचा. कूलशिप म्हणजे काय, परात! खोलीएवढी, उथळ, तांब्याची वगैरे. खिडक्या उघड्या, रात्रभर थंड होऊ द्यायचं, हवेतून आणि छपरातून जे काय जीवजंतू पडतील ते पडतील, सकाळी लाकडी पिंपात. पुढचं काम ती पिंपं करतात, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. त्यात जे ब्रेटॅनोमायसीस नावाचं यीस्ट आहे ते ह्या थोड्या गोठ्यासारख्या वासाचं मुख्य कारण. हो, गोठा. वाईट अर्थाने नाही.

लँबिक पिंपातून सरळ काढलं की त्याला फेस नसतो, सपाट असतं, मातीच्या सुरईतून देतात. एक, दोन आणि तीन वर्षांचं एकत्र करून बाटलीत भरलं, शँपेनसारखं बूच मारलं, तरुण लँबिकमध्ये उरलेल्या साखरेवर बाटलीतच परत आंबलं की झाली ग्यूझ. आणि चेरी घातल्या की क्रीक. आमच्या सासऱ्यांना पहिल्यांदा सपाट लँबिक दिलं, ते वसईचे, लहानपणी माडीच्या गाळ्यावर वडिलांबरोबर जायचे. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाले, "ही दुपारची माडी." पहाटेची माडी गोड असते, ऊन चढेल तशी आंबट होत जाते, कुणी काही घालत नाही, मडक्यातलं आणि हवेतलं जे असतं तेच. मी एवढं टूर गाइडसारखं बोलले होते त्याचा तीन शब्दांत त्यांनी निकाल लावला.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि मग लोक हिरमुसतात. हे काढा थंड करायचं काम फक्त थंडीत चालतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू पडतात आणि रात्री पुरेशा थंड नसतात. म्हणजे मेच्या वीकेंडला तुम्ही माळ्यावर चढाल तेव्हा परात बहुतेक ठिकाणी रिकामी आणि लख्ख घासलेली असणार. वाफ बिफ काही नाही. तुम्हाला वाफच बघायची असेल तर थंडीत या आणि ब्रसेल्समध्ये काँतियों नावाच्या ब्रुअरीत पब्लिक ब्रूइंगच्या, म्हणजे लोकांसमोर काढा करायच्या दिवशी जा, पहाटे अंधारात सुरू होतं, मी एकदा गेले होते, चष्म्यावर वाफ बसून अर्धा तास काहीच दिसलं नाही तरी भारी वाटलं.

काँतियोंवरून आठवलं. ही सगळ्यात प्रसिद्ध, आणि सगळे धरूनच चालतात की ती ह्या वीकेंडमध्ये असणार, तर नाही, ते होरालमध्ये नाहीत. पण ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनपासून चालत दहा मिनिटं आहे, 1900 सालापासूनची जागा, 1978 पासून तिथेच म्युझियम आहे, त्यामुळे शुक्रवारी पोचलात की सामान टाकून सरळ तिकडे जा. रविवारी बंद असतं. आत कोळ्यांची जाळी दिसतील, ती झाडत नाहीत, कारण फळांच्या दिवसांत माश्या येतात त्या कोळी खातात. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरं कारण शोधलंय.

मग शनिवार कसा घालवायचा? मी म्हणीन लेंबेकला बोन आणि तिथून पुढे बिएर्घला तिल्कँ. बोन मोठे आहेत, सत्तरच्या दशकात फ्रँक बोननी गावातली जुनी ब्रुअरी घेतली तेव्हा ग्यूझ कुणाला नको होती, सगळे गोड बिअर आणि पिल्सनरकडे, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरकडे वळलेले, आज तिथे ओळीने उभी असलेली महाकाय लाकडी पिंपं बघितली की मान दुखते. तिल्कँ उलट प्रकार, ते नावाजले ते वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांकडून काढा घेऊन, आपल्या पिंपात मुरवून आणि मिसळून. मिसळणं हीच इथे वेगळी कला आहे, चहाचं ब्लेंडिंग करतात तसं, आणि एकाच दिवशी बनवणारा आणि मिसळणारा असे दोन्ही बघितले की ते बरोबर लक्षात येतं. रविवारी ड्वोर्पला हान्सेन्स, ते पण मिसळणारे, शेतावरचं घर, एरवी सहज आत जाता येत नाही, माझ्या मते ओपन वीकेंडचा खरा फायदा असल्या जागा. मग बेर्सल, तिथे औद बेर्सल आहे, 1882 ची, 2002 ला बंद पडली होती आणि 2005 ला परत सुरू झाली, शिवाय गावात खंदकवाला किल्ला आहे, म्हणजे बरोबर लहान मुलं असतील तर त्यांचीही सोय. फक्त कोण कुठल्या दिवशी उघडं आहे ते निघायच्या आधी तपासा, सगळे दोन्ही दिवस असतीलच असं नाही.

गाडी असेल तर रविवार सकाळ मात्र ब्रुअरीला देऊ नका, आयझरिंगनला जा. तिथे चर्चच्या समोर एक कॅफे आहे त्याच्या नावाचा अर्थ 'मोठ्या तहानेविरुद्धचा विमा'. रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला उघडतं आणि दुपारी जेवायच्या सुमाराला बंद. लाकडी टेबलं, बाटली टोपलीत आडवी ठेवून आणतात, तळाचा गाळ हलू नये म्हणून, आणि तशीच आडवी ओततात. शेजारच्या टेबलावर गावातले आजोबा, आपल्याकडे पारावर बसतात तसे, कुणी कुणाशी बोलत नाही आणि सगळे एकत्र असतात.

खाणं. ब्राऊन ब्रेडवर प्लाटेकास मागा, म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, वर मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात, मीठ, मिरपूड. शाकाहारी लोकांना दोन दिवस ह्याच्यावर आरामात काढता येतात, आणि ग्यूझच्या आंबटपणाला हे इतकं जुळतं की मी घरी पण करते. रिकाम्या पोटी सुरुवात करू नका. पाच-सात टक्केच अल्कोहोल असतं पण पोटातलं ॲसिड दिवसभर आठवण करून देतं.

कपडे: जाकीट आणि पावसाचे बूट, मे आहे म्हणून फसू नका. व्हिसा: सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, एप्रिलची वाट बघू नका, बाकी मला विचारू नका.

बाटल्या. हा विषय मात्र नीट घेते कारण सगळ्यांचं इथेच फिसकटतं. भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते आणि बिअर त्यातच धरतात. मोठी बाटली पाऊण लिटरची, दोन घेतल्या की दीड, आणि एक छोटी साडेसदतीस सेंटिलिटरची, एकूण 1.875. बसलं. ह्याच्यापुढे एक पण नाही. वीकेंडला होरालची 'मेगाब्लेंड' मिळते, सगळ्या सभासदांचं लँबिक मिसळून केलेली ग्यूझ, एक मोठी ती घ्या. चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग कपड्यात. माझ्या मावसभावाने पिशवी न वापरता क्रीकची बाटली नुसती टॉवेलमध्ये गुंडाळली आणि बायकोच्या पांढऱ्या चिकनकारी कुर्त्यांच्या मध्ये ठेवली. पुढचं सांगत नाही. चेरीचा डाग लिंबाने जात नाही एवढं आम्हाला कळलं.

आणि घरी पोचल्यावर बाटल्या माळ्यावर टाकू नका, मुंबईच्या उकाड्यात बाटलीतलं यीस्ट जागं होतं. 2009 च्या मेमध्ये बेर्सलच्या ड्री फोंटाइनन ब्रुअरीच्या गोदामात थर्मोस्टॅट बिघडला, हीटर रात्रभर चालू राहिला, हजारो बाटल्या फुटल्या, उरलेल्या विकण्यासारख्या राहिल्या नाहीत म्हणून त्यांनी त्या बिअरचं ऊर्ध्वपातन करून दारू काढली. तुमच्या माळ्यावर तेवढं होणार नाही, पण काकूंच्या पापडाच्या डब्यावर बूच उडेल. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि गणपतीच्या नंतर उघडा.

सासरे पुढच्या वेळी परत येणार म्हणतायत. त्यांना दोन लिटरचा हिशोब आत्ताच पाठ झालाय, फक्त त्यांचा प्रश्न असा आहे की सासूबाई पीत नाहीत तर त्यांचे दोन लिटर कोणाचे.