वायफायचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली. आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड सगळं आपोआप लागलं, फक्त वायफाय नाही. सेटिंगमध्ये ‘अडॅप्टर सापडला नाही’ एवढंच. माझ्या मते या वाक्यावर फार विश्वास ठेवू नये. कार्ड बहुतेक वेळा सापडलेलं असतं, पुढे कुठेतरी गाडी अडते आणि नेमकं कुठे ते हा संदेश सांगत नाही.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, हा तिढा फोनने सुटला. यूएसबी केबल जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू केलं. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो साधा वायरचा जोड वाटतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

मग ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा. कार्ड बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद केलेलं असेल तर इथे कळतं. तसं नव्हतं. पुढे उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ला एन, एन आणि के हे पर्याय जोडून चालवलं. यात प्रत्येक उपकरणाचा क्रमांक दिसतो: चार हेक्स अंक कंपनीचे, चार उपकरणाचे. शोध घ्यायचा तो या आठ अंकांनीच. खोक्यावरच्या नावाला काही अर्थ नसतो, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. आणि नाव बघून कुणाच्या तरी जुन्या आज्ञा डोळे मिटून चिकटवल्या, की मूळ बिघाड तसाच राहून वर नवा बसतो.

यादीत माझं कार्ड होतं, त्याखाली ड्रायव्हरचं नावही होतं. म्हणजे ड्रायव्हर जागेवर! मग ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअर हा शब्द शोधला आणि लाल ओळी निघाल्या: फर्मवेअरची फाइल उघडता आली नाही, एरर उणे २. लिनक्समध्ये २ म्हणजे ‘अशी फाइल नाही’. ड्रायव्हर हा कर्नलचा भाग, तर फर्मवेअर हा खुद्द कार्डावरच्या चिपमध्ये चालणारा कोड. तो सुरुवातीला कार्डात भरला गेला नाही तर ड्रायव्हर नुसता बसून राहतो.

डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळतंही. मग माझंच का नाही? कारण या चिपचं फर्मवेअर इतरांनी वाटायची परवानगीच नाही. त्यावरची युक्ती मला फार आवडली: डेबियनच्या भांडाराच्या कॉन्ट्रिब विभागातलं एक छोटं पॅकेज कंपनीचा जुना ड्रायव्हर नेटवरून उतरवतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. पॅकेज बसवलं, ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारा तुकडा) ‘मॉडप्रोब’ने काढून परत घातलं, आणि नेटवर्कांची यादी आली.

पण अर्धीच. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यात नव्हतं. कार्डाला काय काय जमतं ते सांगणाऱ्या ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये बँड १ (२.४ गिगाहर्ट्झ) होता, बँड २ (५ गिगाहर्ट्झ) नव्हता. बँड २ दिसत असता तर देशाची सेटिंग किंवा चॅनल तपासले असते. तो मुळातच नाही म्हटल्यावर, कार्डालाच ५ गिगाहर्ट्झ येत नसेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ही मर्यादा कर्नलमधल्या ड्रायव्हरची. त्याला दोष देववत नाही. कंपनीने कागद दिले नाहीत, तो लोकांनी जुन्या ड्रायव्हरचं वागणं उलगडून लिहिलाय.

उरला कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर. तो कर्नलबरोबर येत नाही. डीकेएमएस ही व्यवस्था तो आपल्या मशीनवर, आपल्या कर्नलसाठी बांधते. त्यासाठी चालू कर्नलचे हेडर, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या त्याच्या फाइली, लागतात. बांधणी नीट झाली, पण मॉड्यूल घालताना उत्तर आलं: किल्ली नाकारली. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलाच कोड चालू देणारी व्यवस्था, चालू होतं आणि डीकेएमएसने केलेली सही कर्नलच्या ओळखीची नव्हती.

सिक्युअर बूट बंद करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो आळशी वाटतो. किल्ल्या नोंदवणाऱ्या ‘मोकयुटिल’ला डीकेएमएसची सार्वजनिक किल्ली दिली, एकदाच लागणारा पासवर्ड ठरवला आणि मशीन रीस्टार्ट केलं. निळा पडदा येतो, त्यावर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबायचं, नाहीतर तो गुपचूप पुढे निघून जातो. किल्ली नोंदवा, हो म्हणा, पासवर्ड द्या. पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवलेला बरा, कारण तिथे कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते.

एका कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले तर घोळ होऊ शकतो. नव्या पॅकेजने जुन्याला मनाई करणारी फाइल ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये स्वतःच टाकली होती, तरी चालू मॉड्यूलांची यादी देणाऱ्या ‘एलएसमॉड’ने खात्री केली. बँड २ दिसू लागला.

राहता राहिलं कर्नलचं अद्ययावतीकरण. नवा कर्नल येतो, त्याचे हेडर येत नाहीत, डीकेएमएस बांधायला बसतं कशावर? म्हणून एका आवृत्तीचे हेडर न घेता, प्रत्येक कर्नलबरोबर आपोआप येणारं हेडरचं मेटा-पॅकेज बसवलं. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर अधूनमधून वायफाय येत नाही, तेव्हा मॉड्यूल काढून परत घालतो.