तोच उच्चार, वेगळी कांजी

चाकणच्या कारखान्यात गेली नऊ वर्षं मी जपानीची दुभाषी आहे. ‘सेइझो’ म्हणजे उत्पादन. हा शब्द दिवसभर कानावर पडतो, इतका की त्याचं भाषांतर करताना विचारही करावा लागत नाही.

तोक्योच्या दौऱ्यात एका शनिवारी यजमानांनी आमच्या इंजिनिअर मंडळींना ओचानोमिझुजवळचं ‘निकोराइ-दो’ दाखवायला नेलं. १८९१ साली पूर्ण झालेलं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कॅथेड्रल. १९२३ च्या भूकंपात घुमट कोसळला, १९२९ मध्ये पुन्हा उभा राहिला. माहिती द्यायला एक वयस्कर अभ्यासक होते. कागद मात्र आधी काहीच मिळाले नव्हते. दुभाष्यालाही तयारी लागते, हे आमच्या ऑफिसला आजवर पटलेलं नाही.

आदल्या रात्री मी जमेल तेवढं वाचलं होतं. ऑर्थोडॉक्स पंथ ज्या पूर्व रोमन साम्राज्यात वाढला, त्या बायझँटाइन इतिहासात नावांचा गुंता फार. लिओ तिसरा आणि लिओ पाचवा, थिओडोराही एकाहून जास्त, निकियाची धर्मपरिषदही दोनदा: ३२५ आणि ७८७. जपानी ऑर्थोडॉक्स लोक ख्रिस्ताला ‘किरिसुतो’ न म्हणता रशियनवरून आलेलं ‘हारिसुतोसु’ म्हणतात, हेही टिपून ठेवलं होतं. नावं एकही चुकली नाहीत.

अभ्यासक म्हणाले, ७३० मध्ये सम्राट लिओ तिसऱ्याने ‘सेइझो’वर बंदी घातली. मी मराठीत म्हटलं, “उत्पादनावर बंदी घातली.” मंडळींनी माना डोलावल्या. ७८७ मध्ये निकियात ‘सेइझो’ला पुन्हा मान्यता, ८१५ मध्ये परत बंदी, ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराने ती कायमची उठवली. एकेका वाक्यात ‘उत्पादन’ चपखल बसत गेलं. एकाने तर विचारलं, “कशाचं उत्पादन, मॅडम?” मी म्हटलं, “पुढे सांगतील.”

मग ते भिंतीकडे वळून म्हणाले, “सेइझो नि सेप्पुन शिमासु.” सेप्पुन म्हणजे चुंबन. उत्पादनाचं चुंबन कोण घेईल? समोर सोनेरी पार्श्वभूमीवर मेरीमाता होती. ‘सेइझो’: पवित्र प्रतिमा. उच्चार तोच, कांजी, म्हणजे लिहिण्याची चिनी अक्षरं, वेगळी.

मी त्यांना थांबवलं, सगळ्यांची माफी मागितली आणि लिओपासून सगळं पुन्हा सांगितलं.

बाहेर पडताना त्यांना विचारलं, तुम्ही लोक हे ऐकून कसं ओळखता? त्यांनी तळहातावर बोटाने दोन्ही कांजी गिरवून दाखवल्या. म्हणाले, “मघाशी पहिल्यांदा हा शब्द उच्चारला, तेव्हाही गिरवली होती.”

तेव्हा मी मान खाली घालून वहीत ‘लिओ ३’ लिहीत होते.