वेलेनचं सावलीचं घड्याळ

जर्मनीतल्या बेर्नकास्टेल-कूसहून मोझेल नदीच्या काठाकाठाने चालत वेलेन गावाला पोचलो तेव्हा ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. आमच्या निफाडकडे द्राक्षबागांत या दिवसांत गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची धांदल असते. इथे रीसलिंगचे, म्हणजे इथल्या वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाचे घड अजून वेलीवरच होते.

गाव नदीच्या एका काठाला, त्याची नावाजलेली बाग समोरच्या काठाला. पूल ओलांडला की चढण अंगावरच येते. वेल चढवायला मांडव नाही, ‘वाय’ आकाराचे आधार नाहीत, तारसुद्धा नाही. प्रत्येक वेलीला आपला स्वतंत्र खांब, आणि दोन काड्या दोन बाजूंना वाकवून खाली बांधलेल्या, पत्त्यातल्या बदामासारख्या. अशा उतारावर बहुतेक कामं हातानेच.

पायाखाली माती कमी, दगडच जास्त. आणि दगड कुठला, तर आपण लहानपणी ज्यावर मुळाक्षरं गिरवली तो पाटीचा! निळसर करडा, पापुद्र्यापापुद्र्याचा. एक तुकडा उचलला तर तो चांगला कोमट लागला. दिवसाचं ऊन तो धरून ठेवतो आणि रात्री वेलीला देतो. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं त्यात या उबेचा मोठा वाटा आहे. मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीलाही या दगडात फारसं फावत नाही, म्हणून इथल्या बऱ्याच जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमच्याकडे डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचा विचारही कोणी करत नाही. मी एका बुंध्यापाशी बसून नीट पाहिलं. कलमाची गाठ खरंच नव्हती.

बागेच्या मधोमध ते पांढरं सावलीचं घड्याळ आहे. 1842 मध्ये योडोकुस प्र्यूम यांनी ते उभारलं, बागेत राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. पुढे या बागेलाच त्याचं नाव पडलं: झोनेनऊर, म्हणजे सूर्याचं घड्याळ. माझ्या मनगटावर साडेचार वाजले होते आणि इथे सावली तीनच्या जरा पुढे. चुकत काही नव्हतं. ते घड्याळ त्या जागेवरच्या सूर्याचीच वेळ दाखवतं, सरकारी वेळ नाही.

प्र्यूम घराण्याच्या जमिनीची 1911 मध्ये वाटणी झाली, सात वारसांत. वाटणी म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, बांधावरून झालेली भांडणं आठवतात. त्या वाटणीतून योहान योसेफ प्र्यूम यांनी आपली वायनरी सुरू केली. त्यांचा मुलगा सेबास्टियान यांनी तिला नाव मिळवून दिलं, 1969 पासून मानफ्रेड यांनी ती सांभाळली आणि आता त्यांची मुलगी काथारिना बघते. झोनेनऊर कोणा एकाची नाही. इतर वायनरींचेही तुकडे तिथे आहेत. घड्याळ मात्र सगळ्यांना दिसतं. मला ही गोष्ट फार आवडली.

संध्याकाळी काठावरच्या एका खानावळीत त्याच बागेची, याच प्र्यूम घराची काबिनेट, म्हणजे हलकी रीसलिंग वाइन मागवली. आधी काडी ओढल्यासारखा वास आला. आपोआप आंबणाऱ्या कोवळ्या वाइनचा तो स्वभाव आहे, घाई करू नये. पाचेक मिनिटांनी पीच, मग हिरव्या सफरचंदाचा करकरीत आंबटपणा, शेवटी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. गोडवा आहे, पण तो जिभेवर बसून राहत नाही, आंबटपणा त्याला वाहून नेतो. आंबणं मध्येच थांबतं, साखर थोडी उरते, म्हणून अल्कोहोलही साधारण साडेआठ-नऊ टक्केच. गोड वाइन म्हणून नाक मुरडणाऱ्या मित्रांना ही एकदा पाजायचीच आहे.

अण्णांना खांबांचे फोटो पाठवले होते. लगेच फोन आला. वाइनबद्दल एक शब्द नाही. "तार नाही म्हणतोस, मग पाला फुटल्यावर बांधणी कशी करतात रे? आणि माणसं मिळतात का तिथं?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी कोणीतरी बागेत असेलच, विचारून सांगतो."