हो की नाही, एवढंच तर सांगायचंय ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रेडियस सर्व्हरचं ओपन सोर्स काम करते असं म्हटलं की हा प्रश्न हमखास येतोच: "युजरनेम आला, पासवर्ड आला, बरोबर असेल तर हो म्हणायचं, चुकीचा असेल तर नाही. त्यात इतकी वर्षं काय कोड लिहिताय?"

प्रश्न रास्त आहे. वायफायचा ॲक्सेस पॉइंट, स्विच, व्हीपीएन, यांना स्वतःला तुम्ही कोण ते माहीत नसतं, म्हणून ते आमच्या सर्व्हरला विचारतात की हा कोण, याला काय काय करू द्यायचं, आणि नंतर कळवतात की याने किती वापरलं. लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीने १९९१ च्या सुमारास डायल-अप मोडेमसाठी हे बनवलं, आज चालतं ते लिखित मानक, आरएफसी २८६५, जून २००० चं. पॅकेटही साधं, २० बाइटचं हेडर आणि मागे ॲट्रिब्यूट्सची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांची, माळ. कॉलेजातल्या पोराला एका वीकेंडमध्ये चालणारा सर्व्हर लिहिता येईल, खरंच.

पासवर्डमध्ये लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी. डेटाबेसमध्ये पासवर्ड बीक्रिप्ट करून, म्हणजे परत उलगडता येणार नाहीत असे, नीट ठेवलेले असतात, आणि लॅपटॉप बोलतोय एमएस-चॅप व्ही२, मायक्रोसॉफ्टची लॉगिन पद्धत. आता त्या पद्धतीत पासवर्ड तारेवरून येतच नाही, येतं त्यावरून काढलेलं उत्तर, आणि ते ताडून बघायला सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश (विंडोज वापरतं ते रूप) लागतो. बीक्रिप्टवरून यातलं काहीच मिळत नाही. गणितच जमत नाही हो, कॉन्फिगमध्ये कितीही ओळी बदला. हे मी इतक्यांदा लिहिलंय की आता झोपेतही टाइप करेन.

पण खरा जीव खातं ते अकाउंटिंग, म्हणजे कोणी किती वापरलं त्याची नोंद.

हे सगळं यूडीपीवर चालतं, म्हणजे पॅकेट हरवणार हे गृहीतच. सेशन सुरू झालं की स्टार्ट, मध्ये मध्ये आतापर्यंतचा आकडा सांगणारं इंटरिम, संपलं की स्टॉप. आणि ॲक्सेस पॉइंटची पॉवर गेली तर? स्टॉप कोण पाठवणार? आमच्या टेबलात तो माणूस अजून ऑनलाइनच, आणि एका वेळी एकच लॉगिन अशी अट असेल तर बिचारा स्वतःच्याच भुतामुळे बाहेर. आरएफसी २८६६ मध्ये एक अट आहे ती मला फार आवडते: अकाउंटिंगचं पॅकेट नीट नोंदवता आलं नाही तर सर्व्हरने उत्तर द्यायचंच नाही. डिस्क भरली, डेटाबेस झोपला, की गप्प बसायचं, समोरचा परत पाठवेल. नव्या लोकांना हे पटत नाही, ते "निदान मिळालं एवढं तरी सांगूया" म्हणून पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवतात. तसं सांगितलं तर समोरचं यंत्र ती नोंद टाकून मोकळं होतं, आणि मग ती नोंद कुठेच नसते.

आता माझी एक फजिती. किती बाइट वापरले याचा आकडा ३२ बिटांचा, म्हणजे ४ जीबी झाले की मीटर परत शून्यावर. किती वेळा फिरला हे सांगायला गिगावर्ड्स नावाचं वेगळं ॲट्रिब्यूट २००० सालीच आलंय. एकाने रिपोर्ट टाकला की एका युजरचा वापर कमी होतोय, ३.९ जीबीनंतर पुढच्या इंटरिमला थेट ६० एमबी. बघते तर ते यंत्र गिगावर्ड्स पाठवतच नव्हतं. मी म्हटलं सोपं आहे, नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला की आपणच ४ जीबी मिळवायचे, लिहिलं, टेस्ट केलं, मुख्य कोडमध्ये मर्ज झालं, स्वतःवर खूश. काही आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट: एका माणसाने दिवसभरात दोन ईमेल बघितल्या आणि वापर ४ जीबीच्या वर. तिथलं यंत्र रीस्टार्ट झालेलं, काउंटर शून्यापासून आणि सेशन आयडी मात्र जुनाच! बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. माझा पॅच मीच काढला.

मग लोक म्हणतात, निदान हो-नाहीचा भाग तरी पक्का झाला असेल इतक्या वर्षांत. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस नावाचा हल्ला बाहेर आला. उत्तर खरं आहे हे ओळखायची खूण एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅशवर बांधलेली, त्यामुळे मध्ये बसलेल्याला शेअर्ड सीक्रेट (यंत्र आणि सर्व्हर यांच्यातला गुप्त शब्द) माहीत नसतानाही "नाही"चं "हो" करता येत होतं. तुमचा तो एवढासा हो-नाही! ईएपी या वेगळ्या लॉगिन पद्धतीवाले वाचले, कारण तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेटवरची आणखी एक, पक्की खूण) सक्तीचा आहे. उपाय म्हणजे तो सगळीकडे सक्तीचा करा, एका वाक्यात झालं, पण तो न पाठवणारी जुनी यंत्रं जगात खच्चून भरलीत आणि सक्ती केली की त्यांच्यामागची माणसं बाहेर राहतात, म्हणून मग प्रत्येक क्लायंटला वेगळं सेटिंग, वॉर्निंग, आणि ती वॉर्निंग कशी बंद करायची असं विचारणारे मेल.

बाकी फुकट का करता वगैरे विचारू नका. शंभराहून जास्त कंपन्यांची यंत्रं, प्रत्येकीचे स्वतःचे ॲट्रिब्यूट, ती सगळी आणून एकीने घरात मांडणं शक्य आहे का? ज्याच्याकडे ते यंत्र आहे तोच डीबग मोडमधलं आउटपुट पाठवतो, तेव्हा कळतं. फक्त सगळं पाठवा हो, शेवटच्या तीन ओळी नकोत. चूक बहुतेक वेळा वरती असते.

आणि तो काउंटरचा प्रकार सुटलेला नाही अजून. यावेळी सेशन किती सेकंद चाललंय तो आकडाही मागे गेला का, ते बघून ठरवतेय. कोडच्या वेगळ्या ब्रँचवर पडून आहे, मर्ज करायला हात धजत नाही.