मिस्ट्री ऑडिटचा रिपोर्ट चुकीचा असेल तर बारटेंडरने काय करावं

इंदूरच्या विजयनगर, पलासिया किंवा बायपासच्या बारमध्ये काउंटरमागे उभं राहणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. सेवा तपासायला पाठवलेला गुप्त ग्राहक येतो, दोन ड्रिंक घेतो, घरी जाऊन आठवेल तसा फॉर्म भरतो. चार दिवसांनी मॅनेजर कागद पुढे सरकवतो: 76 टक्के, नापास, या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. शनिवारी रात्री दोघांचं काम एकट्याने ओढलेलं असतं, त्यामुळे हे जिव्हारी लागतं. तरी तिथल्या तिथे वाद घालू नका. फक्त पूर्ण रिपोर्ट मागा.

पूर्ण म्हणजे प्रश्नवार उत्तरं, तारीख, आल्या-गेल्याची वेळ आणि बिल नंबर. नुसते टक्के आणि खालचा शेरा घेऊन काहीच करता येत नाही. बिल नंबर बहुतेक वेळा असतोच, कारण खर्च परत मिळवायला ग्राहकाला बिल जोडावं लागतं. त्या नंबरावरून टेबल, कॅप्टन (टेबलावर ऑर्डर घेणारा), प्रत्येक बीओटी (बारकडे येणारी ऑर्डरची चिठ्ठी) आणि ती छापल्याची वेळ, सगळं निघतं.

लगेच दुसरं काम फुटेजचं. डीव्हीआरची (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनची) डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, आणि बऱ्याच ठिकाणी ते दोन आठवडेही टिकत नाही. म्हणून त्याच दिवशी मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: अमुक तारखेचं, रात्री 9:30 ते 11चं, बार काउंटरच्या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा. तोंडी सांगू नका, उद्या कुणाला आठवणार नाही.

सगळ्यात जास्त अन्याय वेळेच्या शेऱ्यात होतो. समजा रिपोर्ट म्हणतो, ‘ड्रिंकला 11 मिनिटं लागली.’ ग्राहकाचं घड्याळ कॅप्टनला ऑर्डर सांगितली तिथून सुरू होतं, तुमचं सुरू होतं बीओटी प्रिंटरमधून बाहेर आली तिथून. ऑर्डर 9:41ला सांगितली, कॅप्टनने आणखी दोन टेबलं घेऊन 9:47ला पंच केली, ड्रिंक काउंटरवर 9:51ला लागलं, टेबलावर 9:52ला पोचलं. अकरा मिनिटं खरी, पण त्यात बारची चारच. मोहितोला पुदिना-लिंबू मडल करून चार मिनिटं लागणं रास्त आहे. व्हिस्की-सोड्याला चार लागली असतील तर मात्र त्याचं कारण तुमच्याकडे हवं.

इथे एक फसगत होते. पीओएस (बिलिंगचं मशीन) आणि डीव्हीआर यांची घड्याळं क्वचितच जुळतात, पाच-सात मिनिटांचा फरक सहज निघतो. दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी असतील तर एका फोटोत घ्या, नसतील तर मोबाइलचं घड्याळ दिसेल असे दोन फोटो काढा. फरक किती ते लिहून मगच हिशेब मांडा. नाहीतर तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतो.

दुसरा कडू शेरा: ‘पेग कमी होता.’ हा थेट प्रामाणिकपणावर घाव आहे, त्यामुळे त्याचं उत्तर सावकाश द्या. रुंद रॉक्स ग्लासमध्ये 30 मिली दारू तळाशी चिकटल्यासारखी दिसते, अरुंद ग्लासमध्ये तीच भरपूर वाटते. मॅनेजरसमोर दोन्ही ग्लासांत 30-30 मिली पाणी ओतून दाखवा. मग जिगर (पेग मोजायचं माप) डिजिटल काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि पाणी भरा. 60 मिली पाणी साधारण 60 ग्रॅम भरतं. व्हिस्कीने तपासणार असाल तर 42.8 टक्क्यांची 60 मिली व्हिस्की सुमारे 57 ग्रॅमच भरते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. हे माहीत नसलं की कुणीही ‘तीन ग्रॅम चोरले’ म्हणून मोकळा होतो. शेवटी त्या रात्रीचा क्लोजिंग स्टॉक, म्हणजे बार बंद करताना उरलेला माल, पाहा. 750 मिलीच्या बाटलीत 30 मिलीचे 25 पेग. तुम्ही हात आखडता घेतला असता, तर विक्रीच्या हिशेबापेक्षा बाटलीत माल जास्त उरला असता.

गुणांची बेरीजही स्वतः करा. समजा 25 प्रश्न, 19 ‘हो’, 3 ‘नाही’, 3 ‘लागू नाही’. ‘लागू नाही’ला शून्य धरलं तर 25 पैकी 19, म्हणजे 76 टक्के. ते तीन बाजूला काढले तर 22 पैकी 19, म्हणजे 86. पासची रेष 80 असेल तर सगळा खेळ इथेच आहे. काउंटरवर बसलेल्या ग्राहकाला ‘टेबलापर्यंत नेलं का’ हा प्रश्न लागूच होत नाही.

फॉर्म कुठल्या शहरासाठी बनवलाय तेही बघा. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वयाची अट 25 आहे, मध्य प्रदेशात 21. मुंबईचा फॉर्म इंदूरला जसाच्या तसा लावला, तर 23 वर्षांच्या मुलाला व्हिस्की दिली म्हणून तुमचे गुण कापले जातात. उलट, लहान दिसणाऱ्याला ओळखपत्र विचारलं म्हणून ‘अपमान केला’ असा शेरा आला तर तिथे अजिबात माघार घेऊ नका. ‘दोन बिलं देऊन गोंधळ केला’ यालाही उत्तर आहे: दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून अनेक बार जेवणाचं बिल वेगळं काढतात.

जे खरं आहे ते मान्य करा. दोन मिनिटं ग्राहकाकडे पाहिलं नसेल, तर तसंच लिहा. बाकीच्या मुद्द्यांना त्यानेच वजन येतं.

उत्तर एका पानाचं, दोन-तीन दिवसांच्या आत, ईमेलने. शेरा, नोंद, मागणी, एवढंच:

‘प्रश्न 7: ड्रिंकला 11 मिनिटं. बीओटी 9:47, काउंटरवर ड्रिंक 9:51 (घड्याळांतला फरक धरून). हा प्रश्न बारच्या गुणांतून वगळावा.’

ग्राहक कोण होता हे शोधायला जाऊ नका, फुटेजमधला त्याचा चेहरा ग्रुपवर टाकू नका. मुद्दा बरोबर असूनही नोकरी त्यातच जाते.

इन्सेंटिव्ह थांबवणं आणि पगारातून दंड कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्सेंटिव्हच्या अटी तुमच्या नियुक्तिपत्रात किंवा स्कीमच्या कागदात बघा. दंडाला मात्र कायद्याची मर्यादा आहे: 1936च्या वेतन कायद्यात होती, 2019च्या वेतन संहितेतही आहे. आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि दंड त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर नेता येत नाही. पगाराच्या स्लिपवर ‘ऑडिट पेनल्टी’ असं काही दिसलं, तर ती कुठल्या नियमाखाली कापली हे लेखी विचारा आणि स्लिपची प्रत आपल्याकडे ठेवा.