फॉरमॅट मारू नका, आधी केबल काढा

शनिवारी पहाटे पावणेपाचला फोन वाजला तेव्हाच पोटात गोळा आला, कारण त्या वेळेला मला फक्त सर्व्हरच उठवतो. पलीकडे रात्रपाळीचा डिस्पॅचवाला. "सर, एक्सेलची एकही फाइल उघडत नाहीये, सगळ्यांच्या नावापुढे कायतरी विचित्र अक्षरं आलीयेत, आणि प्रिंटर आपोआप कागद टाकतोय, थांबतच नाहीये." कागदावर काय आहे विचारलं तर म्हणाला, इंग्लिशमध्ये धमकी आहे. म्हणजे रॅन्समवेअर, फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस.

पहिली गोष्ट सांगितली ती ही की मशीन बंद करू नको, मागची नेटवर्कची केबल ओढ, सगळ्यांच्या ओढ. वायफाय असेल तर ते तोड. नेटवर्कपासून तोडताच येत नसेल तर मात्र सरळ पॉवर काढ, पसरण्यापेक्षा ते परवडलं. चालू ठेवायचं कशाला असं पुष्कळ जण विचारतात, तर चालू मशीनच्या मेमरीत बऱ्याच गोष्टी असतात, कुठला प्रोग्राम चालू होता, कुणाशी बोलत होता, आणि नशीब असेल तर लॉक उघडणाऱ्या डिजिटल किल्लीचे तुकडेसुद्धा. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी विंडोज एक्सपी आणि सेव्हनच्या काही मशीन्सच्या मेमरीतून किल्ली परत काढणारी टूल्स आली होती, पण अट एकच, मशीन रीबूट झालेलं नको. ज्यांनी घाबरून बंद-चालू केलं त्यांचा तो चान्स गेला.

मी पोचलो तेव्हा आमचा दुसरा अ‍ॅडमिन विंडोजचा पेनड्राइव्ह हातात घेऊन उभाच होता. फॉरमॅट मारू, मागच्या आठवड्याचा बॅकअप टाकू, सोमवारी सगळं चालू. अक्षरशः हात धरला त्याचा. त्याचीही चूक नाही म्हणा, मालक डोक्यावर उभा असला की माणसाला काहीतरी करताना दिसायचं असतं.

पण फाइली लॉक होणं हा त्या लोकांच्या कामाचा शेवटचा भाग असतो. आपल्याला तीच सुरुवात वाटते कारण आपल्याला तेवढंच दिसतं. व्हीपीएनचे (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट) लॉग उघडले तर २३ दिवसांपूर्वी रात्री दोनला एक लॉगिन, खातं कुणाचं तर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं. ओटीपी वगैरे काही नाही, नुसता पासवर्ड. (२०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली त्यातही हेच, वापरात नसलेलं व्हीपीएन खातं आणि मल्टीफॅक्टर, म्हणजे ओटीपीसारखी दुसरी खातरजमा, नाही.) मग २३ दिवस ती मंडळी आमच्या नेटवर्कमध्ये निवांत फिरत होती, डोमेनच्या (ऑफिसची सगळी खाती आणि मशीन्स जिथून चालतात ती यंत्रणा) अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळवला, बॅकअप सर्व्हर कुठे आहे ते शोधलं, डेटा बाहेर नेला, विंडोज स्वतःच ठेवतं त्या जुन्या प्रती, शॅडो कॉपीज, उडवल्या, आणि शुक्रवारी रात्री, सगळे घरी गेल्यावर, फाइली लॉक करणारं एन्क्रिप्शन सोडलं. म्हणजे मागच्या आठवड्याचा बॅकअप टाकला असता तर चोरालाही आम्हीच परत आत आणून बसवलं असतं.

तसा तो बॅकअप उरलाही नव्हता. नॅस (बॅकअप ठेवायचा नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) डोमेनमध्येच जोडलेलं, अ‍ॅडमिन पासवर्ड तोच, त्यामुळे तेही साफ. इतकी वर्षं रोज सकाळी हिरवी टिक बघून खूश व्हायचो, रिस्टोअर करून कधी बघितलं नव्हतं. वाचवलं ते एका यूएसबी हार्ड डिस्कनं, जी दर शुक्रवारी लावायची असते आणि लावायची राहून गेली होती, ड्रॉवरमध्ये चार्जरखाली पडलेली. आळसानं वाचवलं म्हणा. मर्स्क या जहाज कंपनीचंही असंच झालं होतं, २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं त्यांचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारे सर्व्हर) खाल्ले आणि वाचला तो फक्त घानातला एक, कारण तिथे नेमके लाइट गेले होते.

डिस्क १९ दिवस जुनी. म्हणजे तीही चोर आत आल्यानंतरचीच! म्हणून तिच्यातला फक्त डेटा घेतला, तोही स्कॅन करून, आणि विंडोज, सर्व्हर सगळं कोऱ्यावरून उभं केलं. सगळ्यांचे पासवर्ड बदलले, केआरबीटीजीटी या खात्याचा (लॉगिनची तिकिटं, म्हणजे आत शिरायचे डिजिटल पास, याच्या जोरावर बनतात) तर दोनदा, कारण ते खातं आधीचा पासवर्डही लक्षात ठेवतं, एकदाच बदलला तर चोरलेली तिकिटं चालूच राहतात. अकरा दिवस लागले. त्या दिवसांत ऑफिसच्या मेलवर यातलं काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण समोरचा ते वाचत असू शकतो, सगळं फोनवर.

पैसे द्यायचे का यावर मालकांशी दोन तास वाद. हा निर्णय आयटीवाल्याचा नाही असं माझं ठाम मत आहे, वकील, इन्शुरन्स, पोलीस हे सगळे त्यात लागतात, आणि डेटा बाहेर गेला असेल तर कुणाला कळवणं कायद्यानं भाग आहे तेही बघावं लागतं. पण माहिती म्हणून मी दोन गोष्टी सांगितल्या. कोलोनियलनं ७५ बिटकॉइन दिले आणि मिळालेला डिक्रिप्टर (लॉक उघडणारा प्रोग्राम) इतका हळू चालला की शेवटी स्वतःचे बॅकअपच वापरावे लागले. आणि २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या अमेरिकेतल्या आरोग्य-बिलांच्या कंपनीसाठी २.२ कोटी डॉलर मोजले गेले, ती टोळी पैसे घेऊन गायब झाली, आणि मग दुसरीच टोळी तोच डेटा दाखवून पुन्हा पैसे मागायला आली. मालक गप्प झाले. आम्ही दिले नाहीत, पण ड्रॉवरमधली डिस्क नसती तर काय केलं असतं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

लॉक झालेल्या फाइली मात्र टाकल्या नाहीत, एका वेगळ्या डिस्कवर तशाच ठेवल्यात. नो मोअर रॅन्सम म्हणून साइट आहे, डच पोलीस आणि युरोपोलनं २०१६ ला काही सिक्युरिटी कंपन्यांबरोबर सुरू केलेली, तिथे धमकीची चिठ्ठी आणि एखादी फाइल टाकली की कुठला प्रकार आहे ते कळतं, तोड असेल तर फुकट मिळते. आमच्यावाल्याला अजून नाही. कधी एखादी टोळी पकडली जाते आणि किल्ल्या बाहेर येतात, म्हणून अधूनमधून बघतो.

सगळं उभं राहिल्यावर एचआरकडून सोडून गेलेल्या लोकांची यादी मागवली आणि डोमेनशी ताडून बघितली. ३७ खाती चालू होती. त्यातलं एक माझ्या आधीच्या अ‍ॅडमिनचं, पूर्ण अधिकारांसकट, आणि ते खातं गेली चार वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोरच्या यादीत होतं.