चौतीस डावांतले उरलेले चार

माझं मनगट त्याच्या मुठीत होतं आणि मनगट सोडवायचे निदान सहा डाव मला तोंडपाठ होते. त्यातला एकही माझ्या हातून झाला नाही.

कारण अगदी साधं होतं. पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून बोलाचाली झाली, त्याचा आवाज चढला, माझाही चढला, आणि त्याने माझ्या हातातली किल्ली हिसकावण्यासाठी मनगट धरलं. कराटेच्या वर्गात मी तीन वर्षं काढली होती, दोन ग्रेडिंग चांगल्या गुणांनी पार केल्या होत्या. तरी घशाला कोरड पडली, पाय जमिनीला खिळले. त्याच्या हाताचा दाब मला जाणवत होता, पण तो काय बोलतोय ते ऐकू येईना. माणसं गोळा व्हायला लागली तेव्हा त्याने आपणहून हात सोडला. सगळं मिळून पंधरा सेकंदही झाले नसतील. घरी आल्यावर मात्र तासभर माझे हात थरथरत होते.

भीतीची मला लाज वाटली नाही. मला राग आला होता तो त्या तीन वर्षांचा. एवढा घाम गाळून मी शिकले तरी काय?

मग आठवून पाहिलं. वर्गात मनगट सोडवायचा सराव असा चालायचा: जोडीदार हात लांब करून माझं मनगट धरतो आणि खांबासारखा उभा राहतो. अंगठा आणि बोटं जिथे मिळतात ती पकडीतली कच्ची जागा, त्या बाजूला मनगट वळवायचं, झटका द्यायचा, सुटलं. डाव खोटा नाही, अंगठ्याची बाजू कच्ची असतेच. पण पार्किंगमधला माणूस मला ओढत होता, दुसऱ्या हाताने खांद्याला ढकलत होता आणि तोंडाने शिव्या घालत होता. प्रश्न मनगटाचा नव्हताच, अंगावर चालून आलेल्या अख्ख्या माणसाचा होता. माझा सगळा सराव मात्र मनगटाचाच झालेला.

तेव्हा ठरवलं, पुन्हा शिकायचं, पण या वेळी डाव पारखून घ्यायचे. पुढची दोन वर्षं त्यात गेली.

पहिल्या ठिकाणी सांधे पिरगाळून जखडायचे डाव शिकवायचे. दिसायला फार सुंदर. पण घामाने ओला झालेला, हात सतत मागे खेचणारा माणूस समोर असला की त्याचं बोट किंवा मनगट हातातच येत नाही. महिनाभरात ते सोडलं. दुसऱ्या ठिकाणचे शिक्षक सांगायचे की त्यांचे डाव इतके घातक आहेत की जोडीदारावर करताच येत नाहीत. डोळ्यांत बोटं, गळ्यावर फटका. सगळं हवेत, नाहीतर समोरच्याला न लागता अर्ध्यावर थांबवून.

या घातक डावांचं मला आधी आकर्षण वाटलं होतं, हे कबूल करते. ते उतरलं ज्युदोबद्दल वाचल्यावर. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे प्रकार त्यांनी मोकळ्या लढतीतून वगळले आणि जोडीदार पूर्ण ताकदीने विरोध करत असतानाही सुरक्षितपणे करता येतील असे डाव ठेवले. त्या मोकळ्या लढतीला रांदोरी म्हणतात. वरवर पाहता डाव सौम्य झाले. पण ज्याने एक फेक विरोध करणाऱ्या माणसांवर हजार वेळा केली आहे त्याला ती खरोखर येते. डोळ्यांत बोट घालण्याचा सराव हवेत हजार वेळा केलेल्या माणसाला ते येतं की नाही, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. माझी सगळी निवड पुढे या एकाच कसोटीवर झाली: समोरचा माणूस मला ते करू द्यायला तयार नसताना ते होतं का?

तिसरी जागा लहान होती. मॅट, काही पॅड, दोन जाड हेल्मेट आणि एक शांत प्रशिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही डाव शिकवला नाही. म्हणाले, "ताई, आतापर्यंत जे जे शिकलात ते वहीत लिहून आणा." मी चौतीस डाव लिहून नेले. त्यांनी प्रत्येकापुढे तीन रकाने आखायला लावले: विरोध करणाऱ्यावर जमलं का, आपल्याहून उंच-वजनदार माणसावर जमलं का, दमल्यावर जमलं का.

दमणं इथे महत्त्वाचं. प्रशिक्षक आधी दोन मिनिटं जागेवर पळायला लावायचे, मग डोळे मिटून गोल फिरवायचे, आणि "उघडा" म्हणेपर्यंत हेल्मेट घातलेला जोडीदार ओरडत अंगावर आलेला असायचा. खऱ्या भीतीची जागा हे घेऊ शकत नाही. पण धडधडणारं काळीज, आखडलेले हात, आकसलेली नजर यांची थोडी तरी ओळख होते. अशा अवस्थेत बोटांची नाजूक कामं आधी जातात, अंगाच्या मोठ्या हालचाली टिकतात. शिवाय डोक्यात पर्याय जितके जास्त, तितका निवडायला वेळ जास्त. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रयोगांतून हे मांडलं होतं. प्रयोगशाळेतले ते क्षण सेकंदाच्या अंशातले असतात. माझ्या बाबतीत मात्र सहा डाव एकमेकांच्या पायात आले आणि एकही बाहेर पडला नाही.

चार महिन्यांनी वहीत तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण असलेले चार डाव राहिले.

पहिला तर डावासारखा दिसतही नाही. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे समोरच्याकडे, एक पाय किंचित मागे, आणि मोठ्या आवाजात "मागे व्हा." बघणाऱ्याला वाटतं ही बाई भांडण टाळते आहे, आणि ते खरंच असतं. पण हात आधीच मध्ये आलेले असतात. समोरच्याला गचांडी धरायची असेल तर ते ओलांडून यावं लागतं, आणि तो आला हे मला डोळ्यांआधी हातांना कळतं. पार्किंगमध्ये माझे हात खाली होते, एकात किल्ली, दुसऱ्यात पिशवी. सगळं तिथेच हरलं होतं.

दुसरा, उघड्या पंजाचा फटका. मनगटाजवळचा तळहाताचा जाड भाग हनुवटीवर किंवा नाकावर. मला मुठीची सवय होती, पण कवटी कठीण असते आणि करंगळीकडची हाडं बारीक. मुठीने डोक्यावर मारताना करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. मोडलेल्या हाताने फोन लावता येत नाही, दार उघडता येत नाही. विल्यम फेअरबेर्न शांघायच्या पोलिसांत होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कमांडोंना शिकवलं. त्यांच्याही मोजक्या डावांत हनुवटीखालचा हा पंजाचा फटका होता. अगदी कमी वेळात तयार करायच्या माणसांसाठी त्यांनी तो ठेवला होता, यावर माझा विश्वास बसला.

तिसरा, अगदी अंगाला अंग भिडलं असताना कोपर आणि गुडघा. जांघेत लाथ मारायचा सल्ला सगळेच देतात. माझा अनुभव असा की लांबून मारलेली लाथ पुरुष जोडीदार जवळजवळ दर वेळी अडवतात, ती त्यांची उपजत प्रतिक्रियाच असते. शिवाय एका पायावर उभं राहिल्याने मीच दोनदा आडवी झाले. दोन्ही हातांनी मान-खांदा धरून जवळून मारलेला गुडघा मात्र पॅडवर दर वेळी लागला.

चौथा, खाली पडल्यावर उठणं. एक हात मागे टेकवून, दुसरा चेहऱ्यासमोर, पायाने अंतर राखत, समोरच्यावरची नजर न काढता उभं राहायचं. कुणी याची रील बनवणार नाही, पण सर्वांत जास्त वेळ मी यालाच दिला.

आणि चारही डावांनंतर पळायचं. हे नुसतं सांगून भागत नाही, त्याचाही सराव करावा लागतो. पहिले काही आठवडे फटका नीट लागला की मी तिथेच उभी राहून पुढच्याची वाट बघायचे. मग मॅटच्या टोकाला दार आहे असं ठरवलं आणि तिथे हात लागल्याशिवाय फेरी संपायची नाही. फटका लागला की समोरच्याला धडा शिकवायचा मोह होतो, तोही यामुळे सुटला. धोका टळल्यावर मारलेला फटका बचाव उरत नाही, कायदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. आणि फरशीवर डोकं आपटून माणूस एका धक्क्यानेही मरू शकतो. समोरचाही, आणि मीही.

चाकूच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण चाकू हिसकावण्याचे तब्बल सात डाव माझ्या यादीत होते. प्रशिक्षकांनी मला जुना पांढरा शर्ट घालून यायला सांगितलं आणि जोडीदाराच्या हातात लाल मार्कर दिला. टोपण काढलेला. "एक मिनिट. हिसकावून घ्या." वर्गात शिकवतात तसा हात वरून खाली सावकाश आलाच नाही. तो शिवणयंत्राच्या सुईसारखा आत-बाहेर होत होता आणि दुसरा हात मला ढकलत होता. दोनदा मी मनगट पकडलं, दोन्ही वेळा सुटलं. मिनिट संपल्यावर आम्ही खुणा मोजल्या. चौदा. तळहातावरून एक लांब रेघ गेली होती आणि मानेवर कानाखाली एक ठिपका होता. तो साबणाने धुताना माझा हात थांबला.

सातही डावांवर त्याच संध्याकाळी काट मारली. डेनिस टुलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये लिहून ठेवलं होतं की धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर, दीड सेकंदात कापतो. त्यांचं लिखाण पिस्तूल बाळगणाऱ्या पोलिसांसाठी होतं. मी त्यातून माझ्यापुरतं एवढंच घेतलं: चाकू दिसला आणि वाट मोकळी असली तर निघायचं. तो पर्स मागत असेल तर पर्स त्याच्यापासून दूर फेकायची आणि उलट दिशेला पळायचं. पर्समधल्या कुठल्याच वस्तूसाठी मी पुन्हा त्या ठिपक्याचा धोका पत्करणार नाही.

मला वाटलं होतं यादी इथे पुरी झाली. पण सर्वांत अवघड सराव अजून यायचा होता.

त्या दिवशी हेल्मेट नव्हतं, पॅड नव्हते. माझ्याबरोबर वर्षभर सराव करणारा जोडीदार फक्त जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात, बस ना थोडा वेळ." मला त्याचा हात काढून ठाम नकार द्यायचा होता. मी म्हणाले, "नको रे, प्लीज." आणि हसले.

"ताई, हसू नका. परत."

परत हसले. पाचव्या वेळेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंगावर ओरडत येणाऱ्या माणसाला मी पंजाचा फटका मारू शकत होते, पण ओळखीच्या माणसाला "हात काढ" एवढं म्हणता येत नव्हतं. त्याला वाईट वाटेल, तो मला चढेल समजेल, हे सगळं त्या हसण्यात होतं. आणि बायकांवर हात टाकणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८९३ विद्यार्थिनींबरोबर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा तासांचं प्रशिक्षण होतं: ओळखीच्या माणसाकडूनचा धोका ओळखणं, तो मान्य करायला मन कचरतं त्यावर मात करणं, बोलून आणि अंगाने प्रतिकार करणं. दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. दोष हल्ला करणाऱ्याचाच, हे त्या प्रशिक्षणातही स्पष्ट सांगतात. बारा तास! मी तीन वर्षं हवेत मुठी चालवल्या आणि "हात काढ" हे दोन शब्द मला कुणी म्हणायला लावले नव्हते.

आता ते म्हणता येतात. न हसता, आवाज खाली ठेवून, डोळ्यांत बघून. गेल्या वर्षी एका समारंभात म्हणावे लागले. त्याने हात काढला, मी उठून दुसरीकडे बसले, आणि शेजारच्या बाईंना काही कळलंही नाही.

वही अजून चालू आहे. पाठीवर पडलेली असताना वजनदार माणूस पोटावर बसला तर त्याच्याखालून सुटण्याच्या प्रकारापुढे पहिल्या रकान्यात बरोबरची खूण आहे, उरलेले दोन रिकामे आहेत. कंबर उचलून त्याचा तोल पुढे घालवायचा, त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवायचा, मग खांद्यावरून लोळायचं. माझ्या वजनाच्या जोडीदाराखालून सुटते. नव्वद किलोच्या जोडीदाराखालून गेल्या गुरुवारी पाच वेळा प्रयत्न केला आणि दोनदा सुटले, दोन्ही वेळा तो पुढे झुकलेला असताना. सरळ बसला की अजून जमत नाही. या गुरुवारी तेवढंच करायचं आहे.